जुन्या मोटारीचा मागचा ब्रेक

फोर्ड कंपनीची ‘मॉडेल ए’ ही मोटार १९२७ च्या डिसेंबरात अमेरिकेत विक्रीस आली. तिच्या चारही चाकांना ब्रेक होते. पण ते चालत लोखंडी सळयांवर. पायाने दाबले की सळया ओढल्या जात आणि ड्रमच्या आतले ब्रेक-शू फाकून ड्रमला घासत. सांधे झिजले की मात्र एक चाक आधी धरते, दुसरे मागाहून. आणि गाडी एका अंगाला ओढते. १९३९ पासून फोर्डने आपल्या मोटारींना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक दिले. हेच पुढचे ब्रेक जुन्या ‘मॉडेल ए’ला बसवण्याची हौस पुष्कळांना असते.

हे ब्रेक चालतात कसे? गुरुजनहो, हे वर्गातही दाखवता येईल. सुया काढलेल्या दोन डॉक्टरी पिचकाऱ्या, एक बारीक व एक जाड, पाण्याने भरून रबरी नळीने जोडा. बारकीचा दांडा दाबा. जाडीचा दांडा अधिक जोराने पण थोडाच सरकेल. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. १ चौरस इंचाच्या पिस्टनवर ३०० पौंडांचा रेटा दिला, तर चारही चाकांशी दर चौरस इंचाला ३०० पौंडच दाब मिळतो. आत हवा राहिली तर ती दबते आणि पायाखाली ब्रेक मऊ लागतो. म्हणून हवा काढून टाकावीच लागते.

आता मागच्या आसाचे काम. आसाचे टोक निमुळते असते. त्यावरचा जुना तुंबा ओढून काढायचा, ब्रेकची नवी तबकडी बोल्टांनी आवळायची आणि नवा तुंबा घट्ट बसवायचा. चाकाचा जोर मुख्यतः या घट्ट बसणीने पेलला जातो. खाचेतली चावी एकटी तो पेलत नाही. आस स्प्रिंगवर खालीवर होतो, म्हणून गाडीचा सांगाडा व आस यांच्यामध्ये तेलाची लवचीक नळी हवी.

पण केवळ मागचेच ब्रेक जोरकस करून भागत नाही. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात. ती आधी जाम झाली तर गाडीची शेपूट फिरते. उतारावर सायकलचा मागचाच ब्रेक दाबणाऱ्याला हे ठाऊक आहे! तेव्हा चारही चाके एकदमच बदलावीत आणि मागचा जोर पुढच्यापेक्षा कमी ठेवावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बहुतेक ‘मॉडेल ए’ गाड्यांत हातब्रेकचे शू वेगळे, पण मागच्याच ड्रममध्ये असतात. जुना ड्रम निघाला की हातब्रेकही जातो. इकडे तेलाचा मार्ग एकच असला, तर एक नळी फुटताच चारही चाकांचे ब्रेक जातात. सळयांच्या ब्रेकमध्ये एक सळई तुटली, तरी बाकीची चाके धरीत. म्हणून नव्या शूंना तारेने ओढणारा, तेलावर मुळीच अवलंबून नसलेला हातब्रेक जोडल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. पायाचा ब्रेक गाडी रोज थांबवील. परंतु तो फसेल त्या दिवशी माणसाच्या हाती हा एकच आधार उरतो.