व्हायोलिनवर घर चालतं का?

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी ही त्याची लेखी आवृत्ती. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढलेत. काही राहिले असतील, चालवून घ्या.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. बारावीत आहे, आठ वर्षं व्हायोलिन शिकतोय, आणि विचारतोय, “दादा, इंजिनिअरिंग सोडून हेच केलं तर घर चालेल का?” आता मी पडलो बीटेक. दिवसभर कोड लिहितो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी व्हायोलिनच्या क्लासला जातो. वाजवण्यावर सल्ला द्यावा एवढं काही मला वाजवता येत नाही. पण माझे सर पंधरा वर्षं फक्त व्हायोलिनवर घर चालवतात, आणि त्यांच्या वर्षभराच्या कामाची एक्सेल शीट मी त्यांना बनवून दिली आहे. त्यांची परवानगी घेऊन त्या शीटमधून काय दिसलं ते सांगतो. सरांचं नाव आणि रकमा मात्र नाही सांगणार.

पहिली गोष्ट, स्टेजवरचा वेळ. एखाद्या लग्नाच्या रिसेप्शनला सर पाऊण तास वाजवतात. बुक करणाऱ्याला तेवढाच पाऊण तास दिसतो आणि तो विचारतो, “एवढ्या वेळाचे एवढे पैसे?” शीटमध्ये त्या दिवसाच्या ओळी अशा आहेत: नवरा-नवरीच्या आवडीची गाणी बसवणं, कीबोर्डवाल्याबरोबर रिहर्सल, जाणं-येणं, साउंड चेक, आणि मुहूर्त पुढे गेला म्हणून मागच्या खोलीत थांबणं. हे सगळं मिळून दीड दिवस जातो. शिवाय रोजचा रियाज आहेच, ज्याचं बिल कुणालाच लावता येत नाही. आमच्याकडे कसं, सॉफ्टवेअर चालायला लागलं की पगार सुरूच राहतो. वादकाचं तसं नाही. त्याने हात थांबवला की मिळकत थांबली.

दुसरी गोष्ट, वर्ष सपाट नसतं. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात, आणि पावसात मोकळ्यावरचे कार्यक्रमही होत नाहीत. गणपतीत थोडी कामं येतात, मग दिवाळी पहाट, आणि तुळशीचं लग्न झालं की फोन वाजायला लागतात. डिसेंबरमध्ये कधी एकाच तारखेला तीन विचारणा येतात. त्यातली एकच घेता येते, बाकीच्या दोन ओळखीच्या वादकांना द्यायच्या. दिलेली कामं पुढे कधीतरी परत येतात. फ्रीलान्सरचं खरं नेटवर्क हेच. इन्स्टाचे फॉलोअर्स त्याच्या नंतर.

मग जून-जुलैत किराणा कशावर येतो? शिकवणीवर.

शीटमध्ये सगळ्यात सरळ रेषा क्लासच्या फीची आहे. पण तिलाही खड्डे आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं बंद होतात, मे महिन्यात अर्धा क्लास गावाला जातो. म्हणून सरांनी नियम केला आहे, की फी महिन्याच्या सुरुवातीला, आणि विद्यार्थी आला नाही तरी वजा नाही. पूर्वी मला हे जरा कडक वाटायचं. शीट बनवल्यावर कळलं, की तुमच्यासाठी राखलेला तो एक तास दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

शिकवणं म्हणजे उरलेल्या वेळात करायचं हलकं काम, असं वाटत असेल तर व्हायोलिन हातात धरून बघा. गिटारसारखे पडदे इथे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर गेला. त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन वर्षं विद्यार्थ्याचा जवळजवळ प्रत्येक स्वर कुणीतरी ऐकून दुरुस्त करावा लागतो. त्यात परंपराही दोन. पाश्चात्त्य पद्धतीत तारा ठरलेल्या स्वरांना लागतात आणि विद्यार्थी नोटेशन वाचून वाजवतो. हिंदुस्थानी पद्धतीत तारा बहुधा सा-प-सा-प अशा लावतात, खाली बसून वाद्याचं टोक पायावर टेकवतात, आणि शिकणं बरंचसं कानाने होतं. कुणी ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा देतं, कुणी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या. एकाच संध्याकाळी पाठोपाठ दोन्ही प्रकारचे विद्यार्थी आले, की शिकवणाऱ्याचं डोकं पार पिठलं होतं.

ऑनलाइन क्लासचं थोडं तांत्रिक सांगतो, कारण ते माझं क्षेत्र. व्हिडिओ कॉलवर गुरू आणि शिष्य एकत्र वाजवू शकत नाहीत. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, आणि तालाचा विचका करायला तेवढा उशीर पुरतो. त्यात ही ॲप्स माणसाच्या बोलण्यासाठी बनलेली आहेत. लांब ओढलेला स्वर म्हणजे पंख्याची घरघर समजून ती तो दाबून टाकतात. म्हणून झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायचं, हे तुमच्या शिक्षकांनाही सांगून ठेवा. पण ऑनलाइनमुळे एक दार उघडलं. पुण्यात सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. तिकडची मराठी मुलं आपला गृहपाठ आटोपून सरांसमोर बसतात, आणि सरांची रिकामी सकाळ भरते.

वाजवणं आणि शिकवणं अशा दोन पायांवर उभं राहणं आजचं नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ते शिकलेले गोवेकर मुंबईला आले, हॉटेलांच्या बँडमध्ये आणि पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. त्यातले एक माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. ते रेकॉर्डिंगला वाजवायचे, संगीतकारांसाठी वाद्यवृंदाची रचना करायचे आणि शिकवायचेही. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1958 मध्ये गोन्साल्विसांनी स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्राही उभा केला. त्यांचं नाव घराघरात पोहोचलं ते मात्र 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं म्हणून. तोवर श्रोत्यांनी त्यांचं काम कितीतरी वेळा ऐकलं होतं, नाव न कळता.

त्या काळी अख्खा ऑर्केस्ट्रा एकाच खोलीत बसायचा आणि गायकाबरोबर गाणं सलग रेकॉर्ड व्हायचं. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळायचे आणि विषय संपायचा. पुढे मल्टिट्रॅक आलं, सिंथेसायझर आला, आणि जिथे वीस-तीस व्हायोलिनं लागायची तिथे एक कीबोर्ड पुरायला लागला. वादकांचा हात बिघडला नव्हता, त्यांची गरज मात्र कमी झाली होती. एआयच्या गप्पा मारणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. ज्यांचे क्लास चालू होते, त्यांच्याकडे निदान एक मिळकत उरली.

आता नावाचा मुद्दा. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलाकाराला त्याच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण त्यात एक मेख आहे. सिनेमात ज्याचा सहभाग जाता-जाता झालेला आहे आणि ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच नाही, तो माणूस या हक्कांसाठी ‘कलाकार’ धरला जात नाही. कामाची मोडतोड झाली तर, एवढ्यापुरतं काय ते संरक्षण. म्हणून कुणी म्हणालं, की “पैसे घे की, नाव कशाला हवं?”, तर थांबून विचार करा. नाव हा नुसता मानाचा प्रश्न नाही. तो पुढच्या कामाचा पुरावा आहे आणि कधी कधी हक्काचाही.

शीटमधला सगळ्यात कमी जागा घेणारा पण मला सगळ्यात काळजीचा वाटलेला रकाना आहे ‘देखभाल’. तारा, राळ, गजाचे केस बदलणं, पावसाळ्यात दमट हवेने अडकलेल्या खुंट्या आणि सुटलेले सांधे. आणि शरीर. डावा खांदा, मान, हनुवटीखालचा काळा पडलेला डाग. सरांचा खांदा दोन वर्षांपूर्वी धरला होता. तीन आठवडे वाजवणं बंद. आजारपणाची रजा नाही, कंपनीचा विमा नाही. तेव्हा ते तोंडी शिकवत राहिले, गाऊन दाखवत राहिले. घर चाललं.

तर आपल्या बारावीच्या मित्रा, माझं उत्तर असं. चालेल, पण ‘मी परफॉर्मर होणार’ एवढ्यावर नाही. शिकवणं हा पडलो तर झेलायला ठेवलेला दुसरा पर्याय समजू नकोस, पहिल्या दिवसापासून तो धंद्याचा अर्धा भाग आहे. आत्ताच दोन लहान मुलांना शिकवायला घे. शिकवण्याचा कंटाळा आला तर तुला तुझं उत्तर मिळालं. दुसऱ्याचा बेसूर सूर लागताना ऐकून आनंद झाला, तर तेही उत्तरच. नोटेशन आणि कान, दोन्ही पक्के कर. आरोग्य विमा स्वतःच्या पैशाने घे. आणि दरमहा काही बाजूला टाक, जून येतोच.

बाकी श्रोत्यांसाठी दोनच ओळी. वादकाला बोलवाल तेव्हा तारीख पक्की करताना ॲडव्हान्स द्या, आणि कार्यक्रम रद्द झाला तर तो परत मागू नका. त्या तारखेसाठी त्याने दुसरं काम सोडलेलं असतं. आणि रील टाकलीत तर वाजवणाऱ्याचं नाव टाका.

प्रश्न असतील तर पाठवा. सरांनाही घेऊन एक भाग करायचा विचार आहे, डिसेंबर सोडून. तेव्हा त्यांना वेळ नसतो, आणि नसावाच. भेटू पुढच्या भागात!