छतातला दिवा आपोआप विझतोय? आधी माळ्यावर बघा

आजचा एपिसोड अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या लोकांसाठी. ओहायोत ताईच्या घरी हॉलमधला छतात बसवलेला दिवा आपोआप विझायचा, थोड्या वेळाने परत लागायचा. ताई म्हणाली, "अरे, बल्ब गेला असेल." मी तीन बल्ब बदलले. शेवटी माळ्यावर चढलो, तर दिव्याच्या डब्यावर इन्सुलेशनचा हा ढीग!

तर हे डबे दोन प्रकारचे असतात. 'आयसी' लिहिलेल्या डब्याला इन्सुलेशन टेकलं तरी चालतं. 'नॉन-आयसी' डब्याभोवती मात्र ३ इंच जागा मोकळी हवी, आणि वरूनही झाकायचं नाही. झाकला की उष्णता अडकते, डबा तापतो आणि आतला थर्मल कटआउट वीज तोडतो. थंड झाला की दिवा परत चालू. म्हणजे आमचा दिवा बिघडला नव्हता, इशारा देत होता. दुर्लक्ष केलं तर आगीचा धोका.

तुम्ही काय कराल? ब्रेकर बंद करा, बल्ब काढा, डब्याच्या आतलं लेबल वाचा. लेबलच नाही? मग नॉन-आयसी समजा आणि इन्सुलेशन बाजूला सारा. नुसता एलईडी बल्ब लावून डबा 'आयसी' होत नाही, बरं का!

पण मोकळ्या जागेतून हिवाळ्यात घरातली ऊब माळ्यावर पळते. म्हणून आम्ही इलेक्ट्रिशियनकडून 'आयसी' आणि एअरटाइट दिवे बसवून घेतले, मगच इन्सुलेशन अंथरलं. ताई आता निवांत झोपते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!