मिरजेचा तंबोरा : जवारीमागील नादशास्त्र

भारतीय संगीतात तंबोरा हे आधारवाद्य मानले जाते. त्याच्या निर्मितीचे प्रमुख केंद्र सांगली जिल्ह्यातील मिरज हे होय. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्यनिर्मितीचा पाया घातला. मंगळवेढा परिसरातील भोपळा आणि तून वृक्षाचे लाकूड यांपासून वाद्याचा सांगाडा सिद्ध होतो. तथापि सांगाडा म्हणजे तंबोरा नव्हे. त्याचा नाद ठरतो तो घोडीवर.

चेलोसारख्या पाश्चात्त्य वाद्यात घोडीची वरची कड अरुंद असते. याउलट तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा पृष्ठभाग किंचित बहिर्वक्र असतो. कंप पावणारी तार या उतारावर क्षणोक्षणी टेकते व सुटते, त्यामुळे तिची कंपनक्षम लांबी सतत बदलत राहते आणि उच्च उपस्वर जागृत होतात. थॉमस यंग यांच्या नियमानुसार तार बरोबर मध्यावर छेडल्यास दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर उमटू नये. तंबोऱ्यात मात्र असे अपेक्षित नसलेले उपस्वरही स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली दाखवून दिले. कारागिरांच्या कानाला ते अर्थातच त्यापूर्वीच ठाऊक होते.

जवारी काढणे म्हणजे हा उतार घासून नेमका साधणे. कानशीचा एक हात अधिक फिरला तरी नाद बोथट होतो किंवा तार नुसतीच झणझणते. त्यानंतर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नाद जिथे सर्वाधिक खुलतो ती जागा शोधली जाते. चारही तारांची जागा वेगळी. एका तारेची जागा दुसरीला चालत नाही. शिवाय तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात, जवारी उतरते आणि वाद्य पुन्हा कारागिराकडे न्यावे लागते.

मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास 2024 मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, ही समाधानाची बाब आहे. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते, कानाचे नाही. कोणत्याही मोजपट्टीवर न उतरलेले हे ज्ञान शिकण्यासाठी नवख्याला उस्तादाशेजारी बसून शेकडो घोड्या घासाव्याच लागतात. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या काळात तेवढा वेळ देणारा शिष्य मिळणे, हाच आज या व्यवसायापुढील खरा प्रश्न आहे.