आयरिश गुलाब : एका नमुन्याची कैफियत

क्रोशाच्या विणकामाचा जुन्यात जुना छापील नमुना कोणता, असा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे अभ्यासक 'पेनेलोपे' नावाच्या डच नियतकालिकाच्या १८२० च्या दशकातील पानांकडे बोट दाखवितात. आणि ज्या कलेची मुळे कोणी अरबस्तानात, कोणी चीनमध्ये, तर कोणी दक्षिण अमेरिकेत शोधीत असतो, तिचा लेखी पुरावा एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्याअलीकडेच थांबतो, हे पाहून जिज्ञासूला किंचित विस्मय वाटल्यावाचून राहत नाही. डॅनिश अभ्यासिका लिस पालुदान यांनी युरोपातील संग्रहांचा धांडोळा घेऊन, १८०० पूर्वी या विणकामाचे अस्तित्व सिद्ध करणारा खात्रीचा पुरावा सापडत नाही, असाच निर्वाळा दिला. कापड चौकटीवर ताणून आकड्याच्या सुईने त्यावर साखळी टाका घालण्याची जी रीत अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेली, आणि जिची सख्खी भावंडे आपल्याकडच्या आरीकामात आजही नांदत आहेत, तिनेच पुढे कापडाचा आधार सोडून निव्वळ दोऱ्यावर उभे राहण्याचे धाडस केले, असे बहुतेक जाणकार मानतात.

या तरुण कलेच्या पोटी जन्मलेल्या असंख्य फुलांपैकी आयरिश गुलाबाइतकी दूरवर पसरलेली आणि पिढ्यान्पिढ्या टिकलेली आकृती क्वचितच दुसरी असेल. तिची रचना अत्यंत साधी, किंबहुना गणिती आहे. सहा-आठ साखळ्यांचे एक कडे करावयाचे. त्यावर, मध्ये तीन-तीन साखळ्या सोडून, सहा कमानी उभ्या करावयाच्या. आणि प्रत्येक कमानीत मुका खांब, अर्धा खांब, पाच पूर्ण खांब, पुन्हा अर्धा आणि पुन्हा मुका, या क्रमाने टाके भरले म्हणजे मध्ये उंच व दोन्ही कडांना उतरती अशी पाकळी कोणी न वळविता स्वतःच वळते. दुसऱ्या थराच्या वेळी सुई पाकळ्यांच्या पाठीमागे न्यावयाची, पहिल्या फेरीचे टाके मागच्या अंगाने धरून तेथे पाच साखळ्यांच्या कमानी टाकावयाच्या, आणि त्यांत पाचांऐवजी सात खांब भरावयाचे. तिसऱ्या थरात साखळ्या सात आणि खांब नऊ. मागचा थर पुढच्याहून प्रत्येक वेळी थोडा रुंद होत गेल्यामुळे पुढच्या पाकळ्या वर उचलल्या जातात, आणि सपाट दोऱ्याच्या कामात शिल्पासारखा उठाव येतो. जुन्या कारागिरिणी याही पुढे जात असत : दोऱ्याचे अनेक पदर एकत्र घेऊन त्यांचा गाभा करावयाचा, त्या गाभ्यावरून टाके घालावयाचे, आणि शेवटी तो ओढून पाकळीची कड आवळावयाची, ही त्यांची खास हातोटी होती, आणि तीमुळे फुलाला जो ताठपणा येई तो खळीने कधीच येत नाही.

इतके सर्व समजून घेऊनही जुना नमुना समोर ठेवून प्रत्यक्ष फूल विणावयास बसणाऱ्या व्यक्तीची वाट सुकर होते असे नाही. पहिली अडचण परिभाषेची. इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकात ज्या नावाने आपला मुका खांब ओळखला जातो, तेच नाव अमेरिकेतील पुस्तकात त्याहून उंच असलेल्या पूर्ण खांबाला दिलेले असते. त्यामुळे पुस्तकाचे प्रकाशनस्थळ न पाहता जो कामाला लागेल त्याच्या पाकळ्या भलत्याच लांबतील आणि फूल लोळागोळा होऊन पडेल. दुसरी अडचण दोऱ्याची. सुताचा क्रमांक जितका मोठा तितके सूत बारीक, हा उलटा वाटणारा हिशेब मुळात गिरणीच्या दप्तरातला आहे : ८४० वारांची एक लड, आणि एका रत्तल वजनात अशा जितक्या लडी भरतील तितका त्या सुताचा क्रमांक. आयरिश काम साठ, ऐंशी किंवा त्याहूनही बारीक क्रमांकाच्या दोऱ्यात होई. आज बाजारात सहज मिळणाऱ्या वीस क्रमांकाच्या दोऱ्याने तोच नमुना विणला तर टाक्यांची संख्या तंतोतंत जुळूनही गुलाबाची जास्वंद होते. सुयांचे क्रमांक तर कारखान्यागणिक निराळे असत, आणि विणीचा ताण किती असावा याविषयी अवाक्षरही न काढण्याचा जुन्या लेखिकांचा जणू परिपाठच होता.

तिसरी अडचण मात्र सर्वांत विचार करावयास लावणारी आहे, आणि ती म्हणजे नमुन्यातील मौनाची. विसाव्या शतकात रूढ झालेले चिन्हांचे आराखडे त्या काळी नव्हते. फूल पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सलग गद्यात सांगितलेले असे, आणि त्या गद्यात मध्येच 'पूर्ववत करावे', 'पाने नेहमीप्रमाणे जोडावी' अशा धर्तीची वाक्ये येत. चवीपुरते मीठ घालावे असे लिहिणारी सुगरण जसे वाचणारीची जीभ गृहीत धरते, तसे हे नमुने वाचणारीचा हात गृहीत धरतात. मजकूर आणि शेजारचे चित्र यांत विसंगती आढळली तर चित्रावर विश्वास ठेवावा, टाके भिंगाखाली मोजावे आणि मजकूर दुरुस्त करून घ्यावा, असा अनुभवी विणकरणींचा दंडक आहे. परंतु जे लिहिलेच गेले नाही ते कोणाच्या हातात होते, हा प्रश्न विणकामाच्या कक्षेबाहेर, इतिहासाच्या दालनात नेणारा आहे.

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला, आणि ज्या देशातील गरीब रयत जवळजवळ सर्वस्वी त्या एका कंदावर जगत होती तेथे पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे अन्नान्न करून व रोगराईने मेली आणि जवळपास तितकीच देशोधडीला लागून समुद्रापार गेली. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. खंड थकलेल्या कुळांना जमीनदार बेदखल करीत होते. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणे आणि कोठेही न पोहोचणारे रस्ते बांधणे चालले होते, ज्या प्रकाराची ओळख १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनलाही पटली. अशा वेळी कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन जोगिणींनी मुलींना क्रोशाची सुई हाती दिली, आणि या विणकामाने धंद्याचे रूप धारण केले. भांडवल म्हणावे तर एक सुई आणि थोडे सूत. त्यातून जे निघे ते सतराव्या शतकातील व्हेनिसच्या उठावदार सुईकामाच्या जाळीची आठवण करून देणारे, पण तिच्याहून कितीतरी जलद होणारे, दणकट आणि धुतल्यावर पुन्हा उजळणारे. झोपडीतल्या धुराने काळवंडून आलेला माल धुऊन पांढराशुभ्र करता येणे, ही गोष्ट त्या काळी अल्प महत्त्वाची नव्हती.

याच सुमारास, १८४६ मध्ये, एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या तरुण लेखिकेचे विणकामावरील पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी पुस्तकांची रांगच लावली, 'द नीडल' नावाचे नियतकालिक चालविले, १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात पदक मिळविले, आणि जुन्या सुईकामाच्या जाळीचे क्रोशात रूपांतर करण्याचे श्रेय आपले असल्याचा दावाही केला. तो दावा किती खरा मानावा याविषयी मतभेद होऊ शकेल; पण क्रोशाचे ज्ञान तोंडी परंपरेतून उचलून छापील पानावर आणण्याच्या कामी त्यांचा वाटा अव्वल आहे, यात शंका नाही.

मॉनहन परगण्यातील क्लोनिस या गावी तेथील पाद्रीसाहेबांच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी १८४७ मध्ये किल्डेर परगण्यातून एक शिक्षिका आणवून गावच्या बायकांना हे काम शिकविले, आणि अल्पावधीत क्लोनिस हे या व्यवसायाचे उत्तरेकडील मुख्य ठाणे झाले. येथील कामाची खूण म्हणजे फुलांना जोडणाऱ्या जाळीत पेरलेली बोंडासारखी एक गाठ, जी सुईभोवती दोऱ्याचे वेढे घेऊन केली जाते आणि आजही त्या गावच्याच नावाने ओळखली जाते. कामाची वाटणी मोठी पद्धतशीर होती. एक बाई केवळ गुलाब करी, दुसरी पाने, तिसरी द्राक्षांचे घोस. हे सुटे नग एका कापडावर उपडे टाचून त्यांच्यामधील जागा साखळ्या व पिको (साखळ्यांचे बारीक फास) यांच्या जाळीने भरण्याचे काम आणखी कोणी करी, आणि शेवटी खालचे कापड उसवून काढले म्हणजे गळपट्टी किंवा झगा सिद्ध होई. प्रत्येक कुटुंबाची आपली एखादी आकृती असे, आणि परके माणूस दारात आले की हातातले काम पदराआड जाई, असे सांगतात. ते स्वाभाविकच होते. कारण ती आकृती हीच त्या घराची मिळकत होती, आणि तिच्यावर कोणताही कायदेशीर हक्क त्या घराला नव्हता.

अशी आकृती जेव्हा पुस्तकात छापली गेली, तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. हजारो अनोळखी हातांना तो गुलाब मिळाला, आणि दुष्काळ ओसरून कारागिरिणी अमेरिकेस निघून गेल्या तरी तो बुडाला नाही; परंतु त्याच क्षणी ज्या घराने तो प्रथम विणला त्याचे नाव त्यापासून तुटले. पुस्तकावर नाव लेखिकेचे, प्रस्तावनेत उल्लेख आश्रयदात्या सरदारस्त्रियांचा, आणि नमुन्यात संख्या टाक्यांची. त्या फुलाला किती तास लागले, त्याचे किती पैसे हाती पडले आणि त्यांपैकी मध्यस्थाने किती कापले, याचा तपशील त्या पानावर कोठेच नाही.

१८८३ च्या कॉर्क प्रदर्शनानंतर लंडनमधील साउथ केन्झिंग्टनच्या ॲलन कोल यांनी आयरिश जाळीकामाच्या आकृत्या सुधारण्याची मोहीम हाती घेतली. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मंडळाने पश्चिमेकडील दरिद्री भागांत विणकामाच्या शाळा काढल्या. आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात हे काम जगापुढे मांडले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये आयरिश क्रोशाची चलती झाली आणि अमेरिकेतील विणकाम-मासिकांनी त्याच्या पुस्तिका काढल्या. पण स्वित्झर्लंडमधील कारखान्यांत तोवर निराळीच युक्ती सिद्ध झाली होती : विरघळणाऱ्या कापडावर यंत्राने भरतकाम करावयाचे, मग रसायनाने कापड नाहीसे करावयाचे, म्हणजे उरते ती जाळी दुरून हुबेहूब आयरिश दिसते. या नकलेने भाव पाडले, पहिल्या महायुद्धाने झगेदार पोशाखांचा जमानाच संपविला, आणि आयर्लंडमधील हा व्यवसाय मावळत गेला.

हिंदुस्थानात या कथेचा उत्तरार्ध गोदावरीच्या मुखाशी आहे. आंध्रातील नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शिकविलेले हे काम पुढे मोठ्या निर्यातीचे झाले, आणि तेथेही तीच वाटणी दिसते : एकीने फुले करावयाची, दुसरीने ती जोडावयाची, आणि माल दलालामार्फत व्यापाऱ्याकडे जावयाचा. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, घरकाम उरकून रोज कित्येक तास विणणाऱ्या या स्त्रियांना कामगार म्हणून कोणी गणतच नव्हते. त्या 'फावल्या वेळात' विणणाऱ्या गृहिणी समजल्या जात, आणि त्या समजुतीच्या आधारेच त्यांची मजुरी इतकी खाली ठेवता येत असे. या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव आता कायद्याने सुरक्षित झाले आहे.

महाराष्ट्रात क्रोशा धंदा म्हणून फारसा वाढला नाही. तो रुखवतातील रुमालांत, दारावरच्या तोरणात आणि ताटावरच्या आच्छादनात सामावला. गोव्यात चर्चच्या वेदीवरील वस्त्रांच्या कडांना त्याची झालर आली. येथे बाजार नव्हता म्हणून शोषणही त्या अर्थाने नव्हते, हे खरे. तथापि श्रमांना 'विरंगुळा' म्हणण्याची सवय मात्र आपणही मनापासून जोपासली, आणि ज्या बाईने रुखवतातला तो रुमाल विणला तिचे नाव दोन पिढ्यांनंतर त्याच घरात कोणाला सांगता येत नाही.

म्हणून जुना नमुना काढून गुलाब विणणाऱ्या आजच्या हातांना एक विनंती करावीशी वाटते. नमुना दुरुस्त करून घेताना त्याच्या खाली चार रकाने अधिक आखावेत : दोऱ्याचा क्रमांक, सुईचा क्रमांक, लागलेले तास आणि विणणारीचे नाव. पहिले दोन पुढच्या विणकरणीला उपयोगी पडतील. उरलेले दोन तो नमुना जन्मापासून रिकामे ठेवीत आला आहे. याची निकड आजच्या बाजारातही कमी झालेली नाही. विणाईची यंत्रे चार शतकांहून अधिक काळ धावत असली तरी खरे क्रोशाचे काम घाऊक प्रमाणात करणारे यंत्र बाजारात अद्याप आलेले नाही. जे यंत्राचे असते ते त्याची नक्कल असते. तेव्हा दुकानात क्रोशाचा अंगरखा कवडीमोलाने टांगलेला दिसला आणि तो नक्कल नसून अस्सल निघाला, तर त्यातील प्रत्येक टाका कोणा तरी माणसाने सुईवर घेतलेला आहे, हे निश्चित समजावे. आणि किंमत इतकी कमी असेल तर ती तूट व्यापाऱ्याने नव्हे, त्या विणणारीने सोसलेली आहे, एवढा हिशेब प्रत्येक गिऱ्हाइकाला करता आला पाहिजे.