चंद्रावरची नारिंगी माती

चंद्रावर आजवर बारा माणसं चालली. त्यांतले अकरा जण मुरलेले वैमानिक. बाराव्याचं मूळ शिक्षण मात्र दगड वाचण्याचं! हॅरिसन श्मिट हे भूवैज्ञानिक.

न्यू मेक्सिकोतल्या खाणींच्या मुलखात ते वाढले, वडीलही भूवैज्ञानिकच. १९६४ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. पुढच्याच वर्षी नासाने पहिल्यांदा वैज्ञानिकांमधून अंतराळवीर निवडले. फक्त सहा जण, आणि त्यांत श्मिट. तिशीतल्या या माणसाला आधी वर्षभर जेट विमान चालवायला शिकावं लागलं. मग गंमत बघा, वैमानिक अंतराळवीरांना डोंगरदऱ्यांत नेऊन दगड कसे पाहायचे हे शिकवण्यात तेच पुढे होते.

त्यांची स्वतःची पाळी यायची होती अपोलो १८ मध्ये, आणि १९७० साली ती मोहीमच रद्द झाली. निदान एक तरी भूवैज्ञानिक चंद्रावर पाठवा, असा वैज्ञानिकांनी आग्रह धरला. अखेर शेवटच्या, अपोलो १७ मोहिमेत श्मिट यांना जागा मिळाली. त्यासाठी जो एंगल यांना बाजूला व्हावं लागलं, तेही एक्स-१५ सारखं अचाट विमान उडवलेल्या वैमानिकाला. हा निर्णय कठोर होता, पण माझ्या मते योग्यच होता.

डिसेंबर १९७२. टॉरस-लिट्रो दरीतलं शॉर्टी नावाचं विवर. चहूकडे राखाडी रंगाचंच राज्य. श्मिट यांच्या बुटांनी धूळ उकरली गेली आणि खाली दिसली चक्क नारिंगी माती! हेल्मेटवरच्या सोनेरी काचेमुळे भास तर होत नसेल? त्यांनी ती काच वर सरकवली. माती नारिंगीच होती. मग घाई उडाली. प्राणवायूचा हिशेब ठरलेला, तिथे थांबायला जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात त्यांनी चर खणला, नमुने भरले, फोटो काढले. सहकारी जीन सर्नन यांनी जमिनीत नळी ठोकली.

काय होती ही माती? काचेचे मणी! केसाच्या जाडीहूनही बारीक. सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी चंद्राच्या पोटातून लाव्हा दिवाळीतल्या भुईनळ्यासारखा उसळला. त्याचे थेंब वरच्यावर गोठले आणि त्यांची काच झाली. रंग आला तो त्यातल्या भरपूर टायटॅनियममुळे. नळीत खालच्या बाजूला काळे मणी निघाले. घटक जवळपास तेच, पण ते जरा सावकाश थंड झाल्यामुळे त्यांच्यात स्फटिक धरले होते. पुढे हा थर गाडला गेला, आणि शॉर्टी विवर पाडणाऱ्या आघाताने तो पुन्हा वर आला. पृथ्वीवर मासाही नव्हता तेव्हाची ही काच, आणि ती दिसली बुटाच्या टोकाशी!

खरं नवल तर पुढेच आहे. चंद्र अगदी कोरडा ठणठणीत, असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. २००८ साली अधिक सूक्ष्म उपकरणांनी चंद्रावरचे असे मणी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत पाण्याचा अंश सापडला. अगदी किंचित, पण चंद्राच्या पोटातून आलेला.

याच मोहिमेतली दुसरी एक नळी चंद्रावरच निर्वात डब्यात बंद करून आणली होती. ती उघडली थेट मार्च २०२२ मध्ये, आत अडकलेला वायू आधी काळजीपूर्वक काढून घेऊन. तेव्हा श्मिट ८६ वर्षांचे होते.