हेवा, मत्सर आणि दावा

दुसऱ्याचा उत्कर्ष न साहणाऱ्या मनाच्या अवस्थेला मराठीने जी अनेक नावे दिली आहेत, ती एकमेकांच्या जागी सर्रास योजण्याचा प्रघात अलीकडे पडू लागला असला, तरी त्या प्रत्येक शब्दाचा स्वभाव निराळा आहे आणि तो भेद जतन केला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

षड्रिपूंत अखेरचा गणला जाणारा मत्सर ऋग्वेदात सोमरसाचे विशेषण होता व त्याचा अर्थ हर्षविणारा, मद आणणारा असा होता, हे आज सांगूनही पटणार नाही, इतका तो शब्द पुढे कलंकित झाला. 'मला तुझा मत्सर वाटतो' असे कोणी कोणाच्या तोंडावर म्हणत नाही. परंतु 'तुझा हेवा वाटतो, बाई' हे मैत्रीण मैत्रिणीला मोकळेपणाने म्हणते आणि ऐकणारी सुखावते. कारण हेव्यात 'मलाही ते लाभावे' ही अभिलाषा मुख्य असते, मत्सरात मात्र 'त्याच्यापाशी ते नसावे' ही. कल्हण-बिल्हणांच्या संस्कृतात उत्कट इच्छेला 'हेवाक' म्हटलेले आढळते, आणि आपल्या हेव्याशी त्याचे नाते कोशकारांनी जोडले आहे. असूया याहून सूक्ष्म, कारण ती गुणांतही दोष पाहते. तिचा लवलेश नसलेली ती अनसूया, दत्तात्रेयांची माता. ईर्ष्येने तर मराठीत येऊन कूसच पालटली: हिंदीत ती निव्वळ जळफळाट, साहित्यशास्त्रात सत्यभामेसारख्या मानिनीचा प्रणयकोप, आणि आपल्याकडे ईर्ष्येने खेळणारा संघ प्रशंसेचा धनी होतो.

'हेवादावा' या जोडशब्दातील दावा मात्र अरबीतून फारसी दप्तराच्या वाटेने आला. पाटीलकी-कुलकर्णपणाच्या वतनात तक्षिमा पडल्या, मानपानाचा क्रम कोणाचा आधी यावर तंटे माजले, गोतसभेपुढे साक्षी होऊन महजर लिहिले गेले, आणि मनातली जळजळ हक्काच्या फिर्यादीचे रूप घेऊन सरकारदरबारी पोहोचली. मूळचा भाऊबंदांच्या नात्याचा वाचक असलेला 'भाऊबंदकी' हा शब्द भावकीच्या वैराचा वाचक झाला, तो अशाच कलहांमुळे. १७७३ साली शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या वधावरील आपल्या नाटकाला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी हेच नाव दिले, आणि पेशव्यांच्या गादीचा तो कलह त्यामुळे प्रत्येक वाड्यातल्या, प्रत्येक बांधावरच्या तंट्याच्या पंक्तीला येऊन बसला.