गृहीत इच्छा

पोस्टमन पत्र फोडून ते कामाचे की बिनकामाचे हे ठरवीत नाही. ई-मेलच्या व्यवस्थेत मात्र पत्र आपल्या पेटीत पडण्यापूर्वीच एक यंत्र ते तपासते आणि आपले मत देते. हे मत कोणाच्या इच्छेने दिले जाते, एवढाच प्रश्न आपण येथे घेऊ.

उदाहरणादाखल 'स्पॅमअसॅसिन' हा प्रोग्रॅम पाहू. जस्टिन मेसन यांनी तो २००१ साली पुढे आणला; २००४ पासून तो अपाचे संस्थेच्या छत्राखाली आहे. फसव्या वा जाहिरातबाज पत्राचे एकेक लक्षण दिसले की तो गुण वाढवितो. सचोटीचे लक्षण दिसले तर गुण वजाही करतो. बेरीज ५ झाली की पत्रावर 'स्पॅम' असा शिक्का बसतो. पत्र तो स्वतः नष्ट करीत नाही. त्याचे पुढे काय करावयाचे हे टपालव्यवस्थेचे इतर भाग ठरवितात.

हा ५ चा आकडा आपण कधी सांगितला होता काय? नाही. येथे तीन पायऱ्या आहेत. पहिली सूचना प्रोग्रॅमच्या कर्त्यांची, दुसरी तो चालविणाऱ्या व्यवस्थापकाची आणि तिसरी, व्यवस्थापकाने मुभा ठेवली असेल तर, ज्याचे पत्र त्याची. नंतरची सूचना आधीच्या सूचनेवर मात करते. आपण काहीच लिहिले नाही तर वरच्यांनी लिहिलेले आपल्या नावे लागू होते. यालाच 'डीफॉल्ट' म्हणतात. आपण त्याला गृहीत इच्छा म्हणू.

गंमत अशी की, ५ हा आकडा बराच कडक आहे, असे खुद्द प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकातच म्हटले आहे. एकट्यादुकट्याला तो चालेल; पण अनेकांना सेवा पुरविणाऱ्या कंपनीने ८ किंवा १० ठेवावा, असा सल्ला तेथे दिला आहे. कारण उघड आहे. एकटा माणूस बाजूला पडलेली पत्रे स्वतः चाळून पाहू शकतो. परंतु हजारोंच्या टपालाला एकच कडक माप लावले, तर कोणाचे तरी मुलाखतीचे बोलावणे शिक्का बसून कोपऱ्यात पडते आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

बहुतेक माणसे मांडणीला कधी हात लावीत नाहीत. म्हणून तो आकडा नेमणारा माणूस त्या सर्वांच्या वतीने बोलत असतो. तेव्हा आपल्या नावे काय गृहीत धरले आहे, हे एकदा उघडून पाहावे आणि स्पॅमची पेटीही अधूनमधून चाळावी.